समुद्रकाठचे वास्तव्य आणि समुद्रकाठची ओढ : वि. स. खांडेकर यांच्या शिरोड्यातील वर्षांच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

'कोकणचे निसर्गचित्रण' हा मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत निबंधासाठी वारंवार निवडला जाणारा विषय आहे. विषय सोपा वाटतो, साहित्यकृती सहज उपलब्ध असतात आणि उताऱ्यांची वाण पडत नाही. परिणामी असे निबंध बरेचसे एकाच साच्याचे होतात. माड-पोफळी, लाल माती, खाडी, पाऊस, समुद्राची गाज अशी प्रकरणवार वाटणी केली जाते, प्रत्येकाखाली चार उतारे दिले जातात आणि अमुक लेखकाने कोकणचे सौंदर्य प्रत्ययकारी रीतीने उभे केले आहे, असा निष्कर्ष निघतो.

मलकापूर-कराड परिसरात अध्यापन करीत असताना अशाच एका निबंधाचे वर्गात वाचन झाले. ते संपल्यावर पाटण तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळं इतकं सुंदर आहे, तर तिथली माणसं मुंबईला का जातात?" वर्ग हसला. या मुलीचे आजोळ घाटाखाली चिपळूणच्या बाजूस होते आणि तिचे मामा मुंबईत नोकरीस होते. तिचा प्रश्न भाबडा नव्हता. निबंधाच्या साच्यात ज्या गोष्टीला जागाच नव्हती, नेमके तिच्यावर तिने बोट ठेवले होते.

आपण घाटावरची माणसे कोकणाकडे वरून पाहतो. कराडहून निघालेला रस्ता पाटण, कोयना करीत कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरतो. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळणारी कोयना पूर्वेकडे वाहणारी नदी आहे. परंतु तिच्या धरणातील बरेचसे पाणी जलविद्युत प्रकल्पासाठी पश्चिमेस वळविले जाते आणि वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. भूगोलाने विभागलेल्या या दोन प्रदेशांचा व्यवहार असा जुना आणि गुंतागुंतीचा आहे. साहित्याच्या अभ्यासात मात्र कोकण आपल्यापुढे येते ते सहलीस गेलेल्याच्या नजरेतून. समुद्रकाठी राहणे आणि तेथे काम करून पोट भरणे यांचा त्या नजरेशी फारसा संबंध येत नाही.

प्रस्तुत लेखात 'ओढ' आणि 'वास्तव्य' या दोन संज्ञा वेगळ्या ठेवल्या आहेत. 'ओढ' म्हणजे एखाद्या प्रदेशाविषयी मनात असणारे आकर्षण. 'वास्तव्य' म्हणजे त्या प्रदेशात राहून, तेथील कामात गुंतून काढलेला काळ. दुसऱ्यातून पहिली आपोआप निर्माण होते आणि पहिलीतून साहित्य, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती टिकते, हे एका घाटावरच्या लेखकाच्या उदाहरणावरून तपासावयाचे आहे.

२. सांगलीहून शिरोड्यास

हा लेखक म्हणजे विष्णु सखाराम खांडेकर. त्यांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. चुलत्यांना दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. या दत्तकविधानाने त्यांचा सावंतवाडी संस्थानातील नानेली या गावाशी संबंध जोडला गेला. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात सुरू झालेले शिक्षण अपुरे राहिले. १९२० साली ते शिरोडे येथील ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून चाळिसाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे लेखकाच्या घडणीचा सगळा काळ त्यांनी अरबी समुद्राच्या काठावरील एका आडवळणी गावात काढला.

शिरोडे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात आहे. हा जिल्हा १९८१ साली झाला. खांडेकरांच्या काळी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि शेजारी सावंतवाडीचे संस्थान होते. गावाला लांब किनारा आहे, सुरूची बने आहेत, मिठागरे आहेत. लागूनच आरवली आहे, तेथे वेतोबाचे देवस्थान आहे. आजचा प्रवासी ज्यासाठी तेथे जातो ते सर्व तेव्हाही होते.

खांडेकर मात्र त्यासाठी गेलेले नव्हते. त्यांना शिरोड्यास नेले ते शाळेने. खेडेगावातील मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून नुकतीच उभी राहिलेली संस्था, तुटपुंजे वेतन आणि पुढे मुख्याध्यापकपदाची जबाबदारी असे त्या नोकरीचे स्वरूप होते. या अठरा वर्षांतच त्यांचे पहिले महत्त्वाचे लेखन झाले. 'हृदयाची हाक' (१९३०), 'कांचनमृग' (१९३१), 'उल्का' (१९३४), 'दोन ध्रुव' (१९३४) या कादंबऱ्या, 'वायुलहरी' (१९३६) हा लघुनिबंधसंग्रह, तसेच बऱ्याच कथा आणि समीक्षालेखन या काळातील आहे. 'छाया' (१९३६) या बोलपटाची कथा त्यांनी शिक्षक असतानाच लिहिली.

येथे अभ्यासकापुढे एक पेच उभा राहतो. अठरा वर्षे समुद्रकाठी राहून विपुल लेखन करणाऱ्या या लेखकाला आपण 'कोकणचा लेखक' म्हणत नाही. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत त्यांचे नाव येत नाही. कोकणातील खेडे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत येते, पण त्या खेड्याचा नकाशा वाचकाला काढता येत नाही. त्यांची पात्रे प्रायः प्रमाण, अलंकृत मराठी बोलतात. मालवणी बोलीचा गंध त्या संवादांना नाही. समुद्र येतो तो उपमेसाठी, भरती-ओहोटी येते ती मनाच्या अवस्थांचे प्रतीक म्हणून. ज्याला वास्तव्य लाभले, त्याच्या लेखनात प्रदेश जवळजवळ अदृश्य आहे.

३. जे गेले त्यांनी लिहिले

याउलट ज्यांच्यामुळे कोकण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, त्या लेखकांची चरित्रे पाहावीत. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. शाळकरी वयातच ते मुंबईस आले आणि पुढे मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये त्यांनी नोकरी केली. 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२), 'रथचक्र' (१९६२), 'तुंबाडचे खोत' (१९८७) ही सारी निर्मिती मुंबईत राहून झालेली आहे. जयवंत दळवी (१९२५-१९९४) शिरोड्याला लागून असलेल्या आरवलीचे. त्यांनी मुंबईत आधी वृत्तपत्रांत आणि नंतर अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केली. 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) हे गावाकडील माणसांचे पुस्तक त्यांनी महानगरात बसून लिहिले.

आरवली आणि शिरोडे यांच्यामध्ये अंतर असे नाहीच. एका गावातून मुंबईस गेलेल्या लेखकाने त्या मुलुखातील माणसे, देव, भुते, तऱ्हेवाईकपणा असे सगळे कागदावर उतरविले. शेजारच्या गावात सांगलीहून येऊन अठरा वर्षे राहिलेल्या लेखकाने त्यांतले फारच थोडे उतरविले. वास्तव्यातून प्रदेशचित्रण निर्माण होते हे गृहीतक येथे सरळ कोसळते.

मग दुरावा हेच प्रादेशिक साहित्याचे कारण मानावे काय? तसेही म्हणता येत नाही. खांडेकर १९३८ साली शिरोडे सोडून कोल्हापुरास आले, चित्रपटकथा लिहू लागले आणि १९७६ मध्ये निधन होईपर्यंत घाटावरच राहिले. शिरोड्यापासूनचा दुरावा त्यांनाही जवळजवळ चार दशके लाभला. तरीही त्यांच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांत तो मुलूख परत आला नाही. 'ययाति' (१९५९) तर पुराणकथेकडे वळली. दुराव्यातून सर्वांना सारखे काही मिळत नाही, असा याचा अर्थ.

पेंडसे-दळवी यांना जे सोडावे लागले ते बालपण होते. बालपणी प्रदेश हा कामाचा विषय नसतो. पोफळीची बाग, मचवा, देवळातला उत्सव, घरातील भांडणे या गोष्टी मुलाला हिशेबाविना मिळतात आणि मुंबईच्या चाळीत हिशेबाचे आयुष्य सुरू झाले की त्या एकदम मोलाच्या होतात. खांडेकरांना शिरोडे मिळाले ते वेतन, वेळापत्रक आणि शाळेच्या इमारतीची चिंता यांच्यासह. त्यांच्या बालपणाचा प्रदेश कृष्णाकाठचा होता. म्हणून असे म्हणता येईल की, कोकणच्या साहित्यातील ओढ ही प्रामुख्याने हरवलेल्या बालपणाची ओढ आहे. समुद्रकाठ हे तिचे स्थान आहे, कारण नव्हे.

या विधानाला एक ठळक अपवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. गो. नी. दांडेकर यांचा जन्म विदर्भातील परतवाड्याचा. कोकण हे त्यांचे बालपणही नव्हे आणि नोकरीचे ठिकाणही नव्हे. तरीही 'पडघवली' (१९५५) ही कोकणातील खेड्याच्या ऱ्हासाची अत्यंत प्रत्ययकारी कादंबरी त्यांनी लिहिली. हे त्यांना साधले ते निवेदनाच्या योजनेमुळे. या कादंबरीची निवेदिका त्या गावात लग्न होऊन आलेली, तेथेच राहिलेली स्त्री आहे. बाहेरच्या लेखकाने आपली नजर बाजूस ठेवून राहणाऱ्या बाईचा आवाज स्वीकारला, आणि त्यामुळे निसर्गाच्या जागी मोडत जाणारे घर, ओस पडणारे गाव हा कादंबरीचा विषय झाला. अपवाद असा की ज्यातून नियमाचे मर्म अधिक स्पष्ट व्हावे.

४. हिरवेपणा आणि स्थलांतर

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. कोकणात पाऊस भरपूर, वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. त्यानेच तो प्रदेश हिरवा दिसतो. परंतु उतार तीव्र, नद्या आखूड आणि जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवणारी नव्हे. चार महिने पूर पाहणाऱ्या गावांत चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. मुख्य पीक भाताचे. तेही बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकच. जमिनीचे तुकडे लहान. त्यात खोतीची पद्धत. कसणाऱ्याच्या पदरात पीक पडण्यापूर्वी खोताचा वाटा निघे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. तोवर मुंबईची वाट रुळून गेली होती. गिरण्या, गोदी, घरगडी, पोलीस, छापखाने असे जेथे काम मिळेल तेथे कोकणी माणूस गेला आणि 'चाकरमानी' या शब्दाला एक सबंध जीवनपद्धती चिकटली. गावातील चूल मनीऑर्डरीवर पेटू लागली. गणपती आणि शिमगा या दोन सणांना गाव भरू लागले आणि इतर वेळी म्हातारी माणसे, बायका आणि मुले एवढीच उरली.

तेव्हा ज्या भौगोलिक घटकांनी हा प्रदेश चित्रमय केला, त्यांनीच तेथील माणसाला बाहेर लोटले. निसर्गचित्रण आणि स्थलांतर हे दोन स्वतंत्र अभ्यासविषय नाहीत. निबंधातील 'लाल माती' आणि शेतकऱ्याची उतरती, पाणी न धरणारी जमीन एकच आहे.

श्रेष्ठ लेखकांना हे ठाऊक होते. 'गारंबीचा बापू'मध्ये पोफळी शोभेसाठी नाहीत. सुपारीच्या व्यापारातून बापूचा उत्कर्ष होतो आणि गावातील सत्तेचा तोल बदलतो. 'रथचक्र'मधील निनावी नायिका मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबातील आपली जागा सोडते; कोकणात मागे राहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला आलेले कष्ट हा त्या कादंबरीचा कणा आहे. 'हद्दपार'चा नायक राजे मास्तर हा तर खेड्यातील शिक्षक. मुंबईत नोकरी करणाऱ्या पेंडशांनी कोकणातील ध्येयनिष्ठ शिक्षकाची कादंबरी लिहावी आणि प्रत्यक्ष तसा शिक्षक असलेल्या खांडेकरांनी कोकणचे तपशील बाजूस ठेवून ध्येयवादाची चर्चा करावी, ही तुलना एखाद्या विद्यार्थ्याने सविस्तर करण्याजोगी आहे.

दळवींच्या बाबतीत प्रकाशनवर्षेच बोलकी आहेत. 'चक्र' ही मुंबईतील झोपडपट्टीची कादंबरी १९६३ ची आणि 'सारे प्रवासी घडीचे' १९६४ चे. एकाच लेखकाने लागोपाठ लिहिलेली ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे गावाविषयीची ओढ कोणत्या पार्श्वभूमीवर निर्माण झाली ते कळते. मधु मंगेश कर्णिक यांच्या 'माहीमची खाडी' (१९६९) मध्ये पुन्हा समुद्रकाठच आहे. परंतु तेथे खाडीच्या चिखलात झोपड्या आहेत. कोकणातील खाडीवर निबंध लिहिणाऱ्याने या दुसऱ्या खाडीची दखल घ्यावी. अरबी समुद्र दोन्हीकडे तोच आहे.

५. ओढ नसलेले वास्तव्य

वास्तव्याचा आणखी एक प्रकार चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६) यांच्या लेखनात दिसतो. वेंगुर्ले-कुडाळ परिसरात त्यांचे बालपण गेले, कुडाळास त्यांनी खाणावळ चालविली आणि १९५९ साली ते मुंबईस गेले. बालपण आणि पोटापाण्याचा व्यवसाय अशी दोन्ही नाती त्यांची त्या मातीशी होती. त्यांच्या कादंबऱ्यांतील कोकण रम्य नाही. 'रात्र काळी घागर निळी' (१९६२) मध्ये सौंदर्य शापासारखे येते. 'कोंडुरा' (१९६६) मध्ये समुद्र हा अनाकलनीय शक्तीचा प्रत्यय आहे. कोंडुरा नावाचे ठिकाण वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यावर खरोखरच आहे; पण ते पाहून आलेल्याला कादंबरी अधिक कळेल असे नाही. खानोलकरांचा समुद्र मनात भीती निर्माण करणारा आहे आणि त्या भीतीला दारिद्र्याची, अंधाराची, देव-देवस्कीची जोड आहे.

पर्यटकाला समुद्राची भीती वाटत नाही, कारण तो संध्याकाळी परत फिरतो. किनाऱ्यावर रात्र काढणाऱ्याला, पावसाळ्यात बंदर बंद झाल्यावर मागे राहणाऱ्याला समुद्र निराळा दिसतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीने ये-जा करणाऱ्या कोकणी घरांत समुद्र या शब्दाला या घटनेचीही छाया होती. आपल्या निबंधांतील 'समुद्राचे रौद्र रूप' या प्रकरणात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

यापुढे जाऊन विचारावयास हवे की, ज्यांचे कामच समुद्रात आहे ते कोळी, गाबीत, दालदी या साहित्यात कोठे आहेत? रापण हे दक्षिण कोकणातील सामूहिक मासेमारीचे जुने साधन. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाची आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटून घ्यावयाची. जाळे, होडी आणि श्रम यांचा हिशेब त्या वाट्यांत असतो. यांत्रिक नौका आल्यावर किनाऱ्याजवळची मासळी घटल्याची तक्रार रापणकारांनी केली, संघर्ष झाले आणि १९८१ साली राज्याने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. कादंबरीला पुरेल एवढा हा ऐवज आहे. परंतु अभ्यासक्रमांत स्थिरावलेल्या कोकणच्या कादंबऱ्यांत बागाईतदार, खोत, भट, शिक्षक, चाकरमानी जेवढ्या ठळकपणे येतात, तेवढा दर्यावर जाणारा माणूस येत नाही. लेखन करणारा वर्ग किनाऱ्यावरच्या घरातला होता; पाण्यातला नव्हता. समुद्राची गाज ऐकू येते ती घरात. पाण्यात असलेल्याला वारा, करंट आणि जाळ्याचे वजन यांकडे लक्ष द्यावे लागते.

६. पुन्हा शिरोडे

या पार्श्वभूमीवर खांडेकरांच्या लेखनातील प्रदेशाचा अभाव नव्याने वाचता येतो. सोपे स्पष्टीकरण असे की, त्यांची प्रतिभा कल्पनाप्रधान होती, वास्तवाच्या तपशिलाकडे तिचा ओढा नव्हता. हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. सुभाषितवजा वाक्ये, अलंकरणाचा हव्यास, विचारांच्या वाहक बनलेल्या व्यक्तिरेखा या त्यांच्या मर्यादा समीक्षेने वारंवार दाखविल्या आहेत.

परंतु एवढ्याने शिरोड्याचा प्रश्न संपत नाही. खांडेकरांना तेथे काय दिसले, हे निसर्गवर्णनांत शोधण्याऐवजी त्यांच्या विषयांत शोधले पाहिजे. सधन आणि निर्धन यांच्यातील अंतर 'दोन ध्रुव'च्या शीर्षकातच आहे. 'उल्का'ची नायिका ध्येयवादी शिक्षकाची मुलगी आहे आणि ध्येयवादाची किंमत घरातील माणसांना कशी मोजावी लागते, हा त्या कादंबरीतील खरा सल आहे. अपुऱ्या पगारावर खेड्यातील शाळा चालविणाऱ्या माणसाला हा विषय पुस्तकांतून शोधावा लागला नसणार.

१९३० साल या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी खांडेकरांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. ठिकठिकाणांहून सत्याग्रही त्या लहानशा गावात आले. मिठागर ही समुद्रकाठची कामाची जागा. भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडीत उन्हाने आटवावयाचे आणि पावसापूर्वी मीठ ओढून ढीग रचावयाचे. ऊन जेवढे कडक, तेवढे पीक चांगले. म्हणजे काम करणाऱ्याला जे सर्वांत असह्य, तेच धंद्याला सर्वांत हितकर. असा व्यवसाय ज्या गावात चालतो आणि ज्या गावातील मिठावर सत्ता व जनता समोरासमोर उभ्या राहतात, तेथील शिक्षकाला समुद्रकिनारा हे नुसते दृश्य वाटणे अवघड होते. खांडेकरांच्या साहित्यातील गांधीवादी, समाजवादी विचारांना शिरोड्यातील दारिद्र्याचा आधार आहे, असे मानावयास जागा आहे. त्यांनी त्या दारिद्र्याचे स्थानिक रूप रंगविले नाही, त्याचा प्रश्न केला. कलाकृतीच्या दृष्टीने यात तोटा झाला असेल. परंतु प्रदेशाने लेखकाला काही दिलेच नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही.

प्रदेशाचे चित्रण आणि प्रदेशाशी निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे मोजमाप साहित्यकृतीत करता येते. दुसरी कधी शाळेच्या हजेरीपटात, शिकून बाहेर पडलेल्या मुलांत उरते. साहित्याच्या अभ्यासकाने दुसरीला पहिलीच्या जागी बसवून लेखकाची श्रेष्ठता ठरवू नये. त्याचबरोबर पहिली नाही म्हणून दुसरीही नव्हती, असेही समजू नये. खांडेकरांनीही शेवटी शिरोडे सोडलेच. पण ज्या वयात बहुतेक जण मुंबईची वाट धरीत होते, त्या वयात उलट दिशेने घाट उतरून ते तेथे राहिले, ही वस्तुस्थिती उरते. त्यांचे आत्मकथन 'एका पानाची कहाणी' (१९८१) या दृष्टीने अभ्यासकांनी अवश्य वाचावे.

७. अध्यापनासाठी काही सूचना

कोकणविषयक साहित्याच्या अभ्यासात निसर्गचित्रण हा विषय वर्ज्य करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. त्याची मांडणी बदलावी, एवढेच म्हणणे आहे. उतारा निवडताना पुढील प्रश्न विचारले तर विद्यार्थ्याची नजर आपोआप बदलते.

एक : पाहणारा कोण आहे आणि तो कोठून पाहतो आहे? तेथे राहणारा, सुटीत आलेला की आठवणारा?

दोन : उताऱ्यात कोणता ऋतू आहे? वैशाखातील कोरडी विहीर आणि श्रावणातील ओढा यांपैकी लेखकाने काय निवडले आहे?

तीन : त्या दृश्यात काम कोण करीत आहे? माडावर चढणारा, मीठ ओढणारी, जाळे विणणारा कोणी आहे का, आणि त्याला नाव आहे का?

चार : कथेतील कोणती पात्रे गाव सोडतात, कोणती मागे राहतात? मागे राहणाऱ्यांत स्त्रिया किती?

पाच : बोलीभाषा कोणाच्या तोंडी आहे आणि निवेदन कोणत्या भाषेत आहे? मालवणी बोलीला रंगभूमीवर मोठी लोकप्रियता मिळवून दिली ती १९८० सालच्या 'वस्त्रहरण' या नाटकाने, आणि तेही मुंबईच्या रंगमंचावरून. बोलीची ओढदेखील दूर गेल्यावर तीव्र होते काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

या प्रश्नांना प्रत्येक साहित्यकृतीत उत्तर मिळेलच असे नाही. उत्तर न मिळणे हाही एक निष्कर्ष असतो आणि तो निबंधात नोंदविण्याचे धैर्य विद्यार्थ्याला आले पाहिजे.

१९९८ साली कोकण रेल्वेची संपूर्ण वाहतूक सुरू झाली. मुंबई जवळ आली, किनाऱ्यांवर निवासाच्या सोयी झाल्या आणि समुद्रकाठी राहावे, तेथेच काहीतरी उद्योग करावा, ही इच्छा आता घाटावरच्या सुशिक्षितांतही दिसू लागली आहे. अशा वेळी समुद्रकाठची ओढ कोणाची, कशासाठी आणि कोणाच्या श्रमांवर उभी, हे विचारणे साहित्याच्या वर्गाबाहेरही उपयोगाचे ठरेल.

त्या विद्यार्थिनीने पुढे आपला निबंध निराळ्या विषयावर लिहिला. 'पडघवली' आणि 'रथचक्र' या दोन कादंबऱ्यांतील मागे राहिलेल्या स्त्रिया हा तो विषय. निबंधात समुद्राचे वर्णन फारसे नव्हते. मात्र तिच्या आजीने मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीच्या पावत्या एका डब्यात जपून ठेवल्या होत्या, त्यांचा उल्लेख प्रास्ताविकात होता. वर्गात तो भाग वाचला गेला तेव्हा या वेळी कोणी हसले नाही.